आठव्या दिवसाची मोजणी

छावणी मंडीत लिलाव पुकारतो मी, एकतीस वर्षं.
गळ्यावर घर चाललं.
चार हजार एकशे दहा, एकशे वीस, एकशे वीस,
ढिगाआडच्या व्यापाऱ्याची भुवई हलली
तरी ती मला ऐकू येते.

मुलाला माझ्या बापाचं नाव ठेवलं, खंडेराव:
हाक मारली की तीन गल्ल्या ओलांडून जावी.
तो ओ देतो ती अशी
की उंबऱ्यावरचं मांजर झोपेतून हलत नाही.

सियागंजात मसाल्याच्या पेढीवर चिकटवला.
अकरा दिवस. शेठ म्हणाला, वाघमोडे,
मुलगा सोन्यासारखा, पण गिऱ्हाईक आलं
की पोत्यामागे जाऊन हळद होतो.

मग विजयनगरला, कानांवर टोप चढवून
अनोळखी लोकांना कर्ज विकायचं काम.
घरी यायचा, आधी कान धुवायचा.
साबण लावून. दोन्ही.

महिन्यानं म्हणाला, बाबा, असं काम बघा
जिथे उद्या काय करायचंय ते आज ठाऊक असेल.
हे मी मंडीत सांगितलं.
सगळ्या ओट्यांना दिवसभर हसू पुरलं.
त्याची आई पोळी लाटता लाटता म्हणाली,
नोकरी शोधताय त्याला, की गळा?

नमुने न्यायला येणारे डोंगरे एकदा
पोत्यात परखी खुपसत बोलले,
आमच्या प्रयोगशाळेत मोजणारा पाहिजे.
बोलणारे येतात खूप. तीनशेच्या पुढे चुकतात.

कंत्राटी आहे. पगार सांगत नाही,
हमाल हसतील.
सकाळी सहा वीसला पोहे, वर तीच शेव,
साडेसातची बस, डावीकडची खिडकी.
दीड वर्षात त्यानं मला एकदाही
कंटाळा हा शब्द ऐकवला नाही.
तसा कुठलाच ऐकवला नाही म्हणा.

यंदा दिवाळीत आवक जोरात. गळा बसला तो बसलाच.
डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस गप्प.
चौथ्या दिवशी घर अंगावर आलं.
वहीच्या कागदावर लिहिलं: येऊ तुझ्याबरोबर?
त्यानं वाचलं,
आणि डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

पंचवीस अंशांची खोली. यंत्राची बारीक घरघर.
फडताळात ओल्या कागदाच्या गुंडाळ्या,
एकेकीत शंभर दाणे सोयाबीन,
मी ढिगानं विकतो तेच,
इथे प्रत्येकाला जागा, शेजाऱ्यापासून बोटभर लांब.
तान्ह्याचं दुपटं सोडवावं तशी त्यानं गुंडाळी उलगडली.
चिमट्यानं उचलायचा, बघायचा, ठेवायचा.
निकोप. निकोप. वाकडं. निकोप. सडलेलं.
पाचव्या दिवशी एकदा मोजतात, आठव्या दिवशी पुन्हा.
कोणी मला तब्येत विचारली नाही.
एका बाईंनी स्टूल सरकवलं, तेवढंच.

शेवटी राहिले चार दाणे.
आठ दिवस ओलाव्यात, आणि जसेच्या तसे,
वाटोळे, पिवळे, घट्ट.
मी हातानं विचारलं: मेले?

तो बोलला. इतकं सलग मी ऐकलंच नव्हतं.
नाही बाबा. हे कठीण बी.
साल पाणी आत घेत नाही अजून.
मेलेलं असतं तर दाबल्यावर पिचकलं असतं.
ह्यांचा रकाना वेगळा असतो.
आणि एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला,
बघा दाबून.

मी दाबला. बराच वेळ.

पुढची गुंडाळी उघडली तेव्हा
माझे ओठ सवयीनं हलायला लागले,
आवाज नाही, नुसते आकडे,
एक्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव,
लिलावात तसा थांबवून धरतात आकडा.
त्यानं मान वर न करता म्हटलं,
त्र्याण्णव झालं, बाबा.